पद्मिनीच्या आतला रंग: कुठे स्प्रे, कुठे शिलाई

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. मधली आठ वर्षं ती दुसऱ्याकडे होती, आता घरी परत आली आहे. इंजिनाचं काम झालं, बाहेरचा क्रीम रंग ठीक आहे. आत मात्र त्या माणसाने सीट, दारांचे पॅड, डॅशबोर्ड, सगळ्यावर काळा स्प्रे मारून ठेवला आहे. आता त्याचे पोपडे निघतात आणि बसलं की कपड्यांना लागतात. तुम्हाला आतून क्रीम आणि मरून करायचं आहे, हातात पंधरा हजार आहेत आणि विचारताय की स्प्रेचे कॅन आणून घरीच सगळं मारलं तर चालेल का.

सगळं नाही चालणार. आधीच्या माणसाने नेमकं हेच केलं होतं आणि त्याचं काय झालं ते तुमच्या कपड्यांवर दिसतंय. मी सव्वीस वर्षं कुशनचं आणि रंगाचं काम एकाच छपराखाली करतो. जुन्या गाडीच्या आतल्या कामाला मी एकच नियम लावतो: जिथे अंग घासतं तिथे रंग टिकत नाही. पत्र्यावर रंग मारा, बेधडक. दारांचे पॅड, सीटच्या पाठीची मागची बाजू, सीटच्या कडा, इथेही रंग चालतो, पण तयारी नीट हवी. बसायची आणि टेकायची जागा मात्र नवीन रेक्झीन घालून शिवूनच घ्यायची. तुमचे पैसे या हिशेबाने वाटले तर पुरतील. निम्म्याहून थोडे जास्त पुढच्या सीटला जातील, उरलेल्यात बाकी सगळं बसवायचं.

हा नियम मी नुकसान करून शिकलो. धंद्याच्या सुरुवातीला एका डुक्कर फियाटची, म्हणजे पद्मिनीच्या आधीच्या जुन्या गोलसर फियाटची, पुढची अख्खी सीट मालकांच्या आग्रहावरून रंगवून दिली होती. गाडी गेली तेव्हा सीट नव्यासारखी दिसत होती. दोन महिन्यांनी ऐन मे महिन्यात ते कुटुंब लग्नाला निघालं, सीट उन्हात तापलेली, आणि मालकांच्या आईच्या मोतिया रंगाच्या रेशमी साडीवर पाठीपासून खाली मरून पट्टे उठले. सीट मी पैसे न घेता पुन्हा शिवून दिली. साडीचं काहीच करता आलं नाही. त्या बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत, ते मला अजून लागून आहे. त्यानंतर बसायच्या जागेवर मी स्प्रे धरला नाही.

आता कामाला लागण्याआधी एक गोष्ट करा, तिला पैसे लागत नाहीत. गाडीचा मूळ रंग शोधा. दाराची काच वर-खाली करायचं जे हँडल असतं, त्याच्या मागे एक गोल चकती असते. ती आत दाबलीत की हँडल धरून ठेवणारी पिन किंवा क्लिप दिसेल. ती काढून हँडल आणि चकती बाजूला केली की रेक्झीनवर रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी गोल जागा उघडी पडते. तिथे ऊन पोचलेलं नसतं, हात लागलेला नसतो आणि स्प्रेही सहसा गेलेला नसतो. जो रंग तिथे दिसेल तो तुमच्या गाडीचा खरा रंग. तसाच पुरावा मागच्या सीटखाली, जिथे रेक्झीन फ्रेमवर दुमडून खाली घेतलेलं असतं तिथे मिळेल. मी अशा चकतीखाली करडा, निळा, वीटकरी, सगळं पाहिलं आहे. तुमच्या मनात क्रीम-मरून असेल तर ते जरूर करा, गाडी तुमची आहे. पण आधी ते गोल पाहा. बऱ्याच जणांचं मन तिथे बदलतं. वडिलांनी गाडी घेतली तेव्हा आत जे होतं ते समोर दिसल्यावर दुसरं काही करावंसं वाटत नाही. कागदपत्रांची काळजी नको. आरसीवर गाडीचा रंग म्हणून लिहिलेला असतो तो बाहेरचा, आतल्या रेक्झीनचा तिथे संबंध नाही.

दुसरी गोष्ट खरेदीच्या क्रमाची, आणि इथे घरी काम करणारे हमखास चुकतात. रंग आधी घेऊ नका. रेक्झीन आधी घ्या. रंग दुकानदार हव्या त्या शेडचा मिसळून देतो, पण रेक्झीन मात्र रोलवर जे आहे तेच. पुण्यात असाल तर नाना पेठेत, मुंबईत असाल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला दुपारच्या उजेडात जा. ट्यूबलाइटखाली मरून रंग चॉकलेटी दिसतो आणि क्रीम पिवळट. रोलचा तुकडा दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा. मरूनचा हातभर तुकडा जास्त कापून घ्या आणि तो रंगवाल्याच्या टेबलावर ठेवून सांगा की याला जुळवून दे. म्हणजे शिवलेली सीट आणि रंगवलेला पॅड शेजारी शेजारी वेगळे पडणार नाहीत.

सीटबद्दल आधी बोलतो, कारण ती तुमच्या हातून बाहेर जायची आहे. पुढची बाकासारखी अखंड सीट आणि तिची पाठ काढून कुशनवाल्याकडे न्या. त्याला स्पष्ट सांगा की जुनं कव्हर फाडायचं नाही, टाके उसवायचे. उसवलेला प्रत्येक तुकडा हाच नव्या कापडाचा साचा. तुकड्यांवर खडूने आकडे घालायला लावा, नाहीतर डावा-उजवा बदलतो आणि पायपिंगची, म्हणजे शिवणीतल्या गोल गोठाची, रेघ मधेच तिरकी होते. कव्हर उतरलं की आतल्या स्प्रिंगा, त्यावरचं गोणपाट आणि काथ्या दिसेल. गोणपाट फाटलं असेल तर बदला, ते स्वस्त आहे. स्प्रिंगांना तारेचा ब्रश मारून रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात द्या. काथ्या दबलेला असला तर त्यावर इंचभर फोम पुरतो. अख्खी सीट फोमची करून घेऊ नका. बसायची उंची बदलते आणि स्टिअरिंगवरचा गिअर हाताला वेगळा लागायला लागतो. मागच्या सीटवर कमी बसलं जातं, तिची बसायची बाजू या वर्षी पैसे उरले तर करा, नाहीतर पुढच्या वर्षी. तोवर तिच्यावरचा सुटलेला काळा रंग काढून एक साधं कापडी कव्हर घाला. पण तिच्यासाठी लागणारं रेक्झीन मात्र आत्ताच, त्याच रोलमधून घेऊन ठेवा. वर्षाने तीच शेड मिळेल याची खात्री कुणी देत नाही.

आता तुमच्या हातचं काम. दारांचे पॅड काढताना घाई केलीत तर नवीन करायची पाळी येईल. पॅडच्या मागे हार्डबोर्ड असतो आणि त्याच्या भोकांमध्ये स्प्रिंगच्या क्लिपा. लांबी (पुट्टी) भरायची पत्र्याची पट्टी घ्या, तिला कापड गुंडाळा, आणि बरोबर क्लिपेच्या शेजारी सरकवून उचका. दोन क्लिपांच्या मधे जोर दिलात तर बोर्ड भोकापासून फाटतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या गाडीत खालचा काठ बहुतेक फुगून भुसभुशीत झालेलाच सापडेल. त्याचं कारण पॅडच्या मागे आहे. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. ते पॅडला लागू नये म्हणून मधे एक पडदा हवा, आणि दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी तो फाडून टाकलेला असतो. जाड प्लास्टिकचा कागद दाराच्या मापाने कापा, कडेने चिकटवा आणि त्याचा खालचा काठ दाराच्या पत्र्याच्या आत सोडा, म्हणजे पाणी आतल्या आतच खाली पडेल. दाराखालची भोकं तारेने मोकळी करा. हे केलं नाहीत तर वर कितीही सुंदर रंग मारा, दोन पावसाळ्यांत पॅड पुन्हा फुगणार.

बोर्ड गेलाच असेल तर घाबरू नका. प्लायवूडच्या दुकानात तीन मिलिमीटर हार्डबोर्डचा आठ बाय चारचा शीट मिळतो, चारही दारं त्यातून निघतात. जुना बोर्ड वर ठेवून पेन्सिलीने गिरवा, भोकंसुद्धा. कापून झाला की दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या. जुनं रेक्झीन बोर्डावरून सांभाळून सोडवून नव्यावर चिकटवता येतं.

रेक्झीन रंगवण्यात रंग मारायला अर्धा तास लागतो आणि त्याआधी दोन दिवस फक्त धुणं. तो काळा थर आधी निघायला हवा. सुटणाऱ्या रंगावर नवा रंग मारला तर नवाही त्याच्याबरोबर सुटतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश. रेक्झीनवर चामड्यासारखी जी बारीक नक्षी असते तिच्या खोबणीत मळ बसतो, तिथे ब्रश गोल फिरवा. धुवा, पुसा, पुन्हा धुवा. मग पांढऱ्या सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसत राहा. फडकं काळं येईल, फडकं बदला. फडकं पांढरंच राहिलं की थांबा. घाई म्हणून एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावू नका. तो रेक्झीनचा वरचा थर वितळवतो, त्याचा मऊपणा घेऊन जातो, आणि मग तिथे तडे जातात. अल्कोहोलने आणि ब्रशने जिथे काळा रंग हलतच नाही, तिथे तो घट्ट बसलेला आहे असं समजा आणि त्याच्यावर मारा.

एक शत्रू डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिश. वर्षानुवर्षं ते लावलेलं असलं तर रंग पडता पडता माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे उघडतात. पाण्याचे थेंब टाकून बघा. पाणी पसरलं तर साफ आहे, मोत्यासारखं गोळा झालं तर अजून पुसायचं आहे.

रंग कोणता? दुकानात रेक्झीनसाठी, व्हिनाइलसाठी म्हणून मागा, जो सुकल्यावर वाकतो. बॉडीचा रंग इथे चालत नाही, पहिल्याच वाकण्याला तडकतो. आणि चपलेचा, चामड्याचा मुरणारा रंगही नाही. कोल्हापुरी चपलेच्या चामड्यात रंग आत शिरतो. रेक्झीन म्हणजे कापडावर चढवलेलं पीव्हीसी, त्यात काही मुरत नाही, जे आहे ते वर बसतं. म्हणून पातळ थर. कॅन फूटभर लांब धरून पहिला हात असा मारा की खालचं अजून दिसतंय. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दुसरा आडवा, तिसरा उभा. गडद रंगावर क्रीम झाकायला सहा-सात हात लागतात आणि तोवर नक्षी बुजून रेक्झीन प्लास्टिकच्या टेबलासारखं दिसायला लागतं. म्हणून माझा सल्ला: पॅड मरून करा आणि क्रीम पत्र्यासाठी ठेवा. एक दिवस सुकू द्या, मग कोपऱ्यात मास्किंग टेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. टेप कोरी आली तर काम झालं. टेपेवर रंग आला तर पुसण्यात कसर राहिली आहे, पुढचे तीन पॅड मारण्याआधी पुन्हा धुवा.

डॅशबोर्ड. पद्मिनीच्या अंतरंगाचा खरा चेहरा तोच, आणि घरी केलेलं काम सगळ्यात खुलून दिसतं तेही तिथेच. १९६४ च्या फियाट डिलाइटपासून, म्हणजे पद्मिनीच्याच आधीच्या अवतारापासून, ती रंगवलेल्या पत्र्याची सरळ पट्टी चालत आली. तिच्यावर बाहेरच्या बॉडीचाच रंग असला की गाडी आत-बाहेर एक वाटते.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. मीटर, बटणं, पट्ट्या जे सुटतं ते सोडवा, प्रत्येक तारेला टेपेचा कपटा लावून त्यावर लिहा आणि फोटो काढा. मग वाकून समोरच्या काचेच्या खालच्या काठाला बघा. डॅशबोर्डचा गंज जवळपास नेहमी तिथून सुरू होतो, कारण काचेचं रबर कडक होऊन पाणी आत झिरपतं. बाहेरून कुणाला तरी पाइपने पाणी मारायला सांगा आणि आत बोट फिरवा. ओलं लागलं तर आधी रबर बदला. रबर बदलायचं बाकी असताना रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

मग जुना रंग कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. आडोशाच्या जागी कापसावर एनसी थिनर घेऊन चोळा. रंग विरघळून कापसावर आला तर तो एनसी, म्हणजे आपण ज्याला डुको म्हणतो तो. सुरकुत्या पडून वर उचलला तर ऑइलचा इनॅमल, त्याच्यावर एनसी मारलात तर अख्खा डॅशबोर्ड सुरकुतेल. तिथे तो खरवडून काढावाच लागतो. काहीच झालं नाही तर रंग पक्का आहे, फक्त घासून घ्यायचा. तुमच्याकडे वरचा काळा थर उचलला जाईल अशी माझी अटकळ आहे, म्हणून तो आधीच काढा.

घासायला ३२० नंबरचा पॉलिश पेपर. गंज असेल तिथे पांढरा पत्रा दिसेपर्यंत. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, रात्रभर उघडा ठेवायचा नाही. खड्डे असतील तर लांबी अगदी पातळ. मग सरफेसर, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणारा प्रायमर, मग ६०० चा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात, तळहाताने नाही तर सपाट रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळून. बोटांनी घासलं तर बोटांच्या रेषा वरच्या चकचकीत रंगात उठून दिसतात. रंगाचे तीन पातळ हात. डॅशबोर्डची वरची, काचेकडची बाजू चकचकीत ठेवू नका, आणि क्रीम तर मुळीच नाही. दुपारच्या उन्हात ती समोरच्या काचेत उमटते आणि रस्ता धुरकट दिसतो. वरची बाजू मॅट मरून, समोरची क्रीम.

पीयूचा (पॉलियुरेथेनचा), म्हणजे हार्डनर घालून मारायचा रंग टिकायला सगळ्यात चांगला. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला घातक आहे, आणि कापडी मास्कने काहीही अडत नाही. घरी तो मारू नका. सुटे भाग रंगवाल्याकडे न्या, त्याच्याकडे मोठं काम चालू असताना तुमचे चार भाग कमी पैशांत होऊन जातात. घरी कॅनचा रंग मारतानासुद्धा वाफ अडवणारा, गाळणीच्या डब्यांचा (कार्ट्रिजचा) मास्क घाला, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आणि इमारतीच्या बंद तळमजल्यावर तर हे काम करूच नका.

वेळ महत्त्वाची. एनसी रंग पावसाळ्यात मारला की वर पांढुरकी साय धरते. थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतलं बाष्प त्याच्यावर बसतं आणि रंगात अडकतं. कोकणपट्टीत तर हे पावसाळ्याबाहेरही सकाळी-संध्याकाळी होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी अकरा ते दुपारी तीन, वारा नसलेला दिवस.

स्टिअरिंगच्या चाकाला तडे असणारच. तडा नुसता भरू नका, तो आधी करवतीच्या पात्याने इंग्रजी व्ही अक्षरासारखा उघडा. मग एम-सील किंवा अराल्डाइट दाबून भरा, दोन दिवस राहू द्या आणि चाकाच्या गोलाईत पेपर पट्टीसारखा ओढून घासा. चाक हे सतत हात घासायची जागा, म्हणजे माझा नियम इथेही लागू. शिवता येत नाही म्हणून रंगवायचं, पण पीयूनेच, आणि ते रंगवाल्याच्या चार भागांत घाला.

छताचं अस्तर रंगवू नका. तारांवर ताणलेलं कापड ते, रंगाने कडक होऊन शिलाईपाशी फाटतं. साबणाच्या फेसाने, पाणी न मुरू देता पुसा. जमिनीवर रबरी मॅटच घ्या, मात्र टाकण्याआधी खालचा पत्रा तपासा. सीट बेल्ट नंतर बसवलेले असतील तर त्यांच्या पट्ट्यांना कोणताही रंग लावू नका, त्या पट्टीचा जीव धाग्यात असतो. तुटकी बटणं, चकत्या, हँडलं नवीन शोधू नका. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या, त्यांचे सुटे भाग अजून फिरतात. पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात सकाळी लवकर एक चक्कर मारा. थोडी घासाघीस करावी लागेल, पण मूळ वस्तू मिळेल.

काम झालं की पंधरा दिवस गाडीच्या काचा बोटभर खाली ठेवा, वास आणि थिनर निघून जाऊ दे. डॅशबोर्डला पॉलिश लावू नका, ओलं फडकं पुरे. आणि पॅड रंगवण्याआधी एका दाराची ती चकतीखालची गोल जागा टेपेने झाकून न रंगवता तशीच सोडा. तिथे काय निघालं, मरून की आणखी काही, ते मला नक्की कळवा. रेक्झीन घ्यायला जाण्याआधी कळवलंत तर शेडबद्दल आणखी बोलता येईल.